परवाना आहे, परीक्षा नाही!

संरचना अभियंत्याच्या परवान्यासाठी राज्यात लेखी परीक्षा घेतली जात नाही. मग इमारतीच्या मजबुतीवर सही करण्याची तयारी अभियंत्याने करायची तरी कशी? बुलडाणा जिल्ह्याची माती आणि पाणी यांतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

बुलडाणा : स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी हाती पडली, की जिल्ह्यातील बहुतेक तरुणांचे पाय स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेकडे वळतात. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषद या खात्यांच्या जागा निघण्याची वाट पाहण्यात दोन-तीन वर्षे जातात. मोजके काही मात्र खामगाव, मलकापूर किंवा चिखलीत स्वतःचे कार्यालय थाटून इमारतींचे आरसीसी डिझाइन करण्याचे ठरवितात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : संरचना अभियंत्याच्या परवान्यासाठी कोणती परीक्षा द्यावी लागते, आणि तिचा अभ्यासक्रम कुठे मिळेल?

या प्रश्नाचे उत्तर अनेकांना चकित करणारे आहे. अशी परीक्षाच नाही. वकिलीची सनद मिळाल्यानंतरही बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, सनदी लेखापालाला तर परीक्षांची मालिकाच पार करावी लागते. परंतु ज्याच्या सहीवर चार मजली इमारत उभी राहते आणि तीत पंधरा-वीस कुटुंबे निर्धास्त झोपतात, त्या संरचना अभियंत्याची लेखी परीक्षा परवाना देण्यापूर्वी कोणीही घेत नाही.

नियम काय सांगतो?

मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. बुलडाणा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. नगरपालिका, नगरपंचायती आणि ग्रामीण भाग आहे. त्यांनाही ही नियमावली लागू पडते. बांधकामाशी संबंधित तांत्रिक व्यक्तींची पात्रता आणि जबाबदाऱ्या तिच्या एका परिशिष्टात दिल्या आहेत. संरचना अभियंत्यासाठी स्थापत्य शाखेची पदवी, 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' या संस्थेचे सहयोगी सदस्यत्व किंवा चार्टर्ड इंजिनिअर ही ओळख, आणि संरचना आरेखन व प्रत्यक्ष बांधकाम यांचा किमान तीन वर्षांचा अनुभव, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. संरचना विषयातील पदव्युत्तर पदवी असेल तर अनुभवाची अट दोन वर्षांवर येते, विद्यावाचस्पती असेल तर एका वर्षावर.

म्हणजे सारा भर कागदपत्रांवर आणि अनुभवाच्या दाखल्यावर. तीन वर्षांत उमेदवाराने नेमके काय शिकावे, हे नियमावली सांगत नाही. एखाद्याने या काळात तीस इमारतींची गणिते स्वतः केलेली असतील. दुसऱ्याने तीन वर्षे फक्त कार्यालयातील नकाशांच्या प्रती काढलेल्या असतील. दाखला दोघांचाही सारखाच दिसतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरमालक अनेकदा 'इंजिनिअर' या एकाच शब्दात तिघांना बसवितात. खोल्यांची मांडणी, उजेड-वारा, सामासिक अंतरे हे वास्तुविशारदाचे काम. त्याची नोंदणी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वये केंद्रीय परिषदेकडे होते. नकाशा मंजूर करून घेणे आणि बांधकामावर देखरेख हे परवानाधारक अभियंत्याचे किंवा पर्यवेक्षकाचे. पाया किती खोल, कॉलम किती जाड, सळई कोणती आणि किती, हे संरचना अभियंत्याचे. लहान गावांत ही तिन्ही कामे एकाच टेबलावर होतात, आणि पुष्कळदा तिसरे काम गवंडीच उरकून टाकतो. शेजारच्या घराला जितक्या सळया टाकल्या तितक्याच याही घराला, असा त्याचा हिशेब असतो. शेजारचे घर मुरमावर असेल आणि हे काळ्या मातीत, याची दखल त्या हिशेबात नसते.

वास्तुविशारदांसाठी जसा केंद्रीय कायदा झाला तसा अभियंत्यांसाठी व्हावा, ही मागणी जुनी आहे. गुजरातने २००१ च्या भुज भूकंपानंतर व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांसाठी २००६ मध्ये स्वतंत्र राज्य कायदा केला. व्यावसायिक अभियंत्यांच्या नोंदणीसाठी एका केंद्रीय विधेयकाचा मसुदा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२५ मध्ये सूचनांसाठी खुला केला होता.

किल्लारी आणि महाड

परीक्षा असो वा नसो, या व्यवसायातील चुकीची किंमत राज्याने मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा भूकंपविषयक भारतीय मानकाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. जाड दगडी भिंती, मातीचे सांधकाम आणि वर माळवदाचे ओझे, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे आठ हजार जण प्राणाला मुकले. पुढे २००२ मध्ये आयएस १८९३ हे मानक सुधारले गेले, तेव्हा पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. जुन्या नकाशावर विसंबून शिकलेल्या अभियंत्यांना नव्याने शिकावे लागले. मराठवाड्याला लागून असलेल्या घाटावरच्या गावांतून दगड-मातीची, धाब्याची घरे आजही दिसतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

महाडची घटना वेगळी आहे, आणि नगरपालिकांच्या जिल्ह्याला ती अधिक जवळची वाटावी. २४ ऑगस्ट २०२० रोजी सायंकाळी तेथील 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. भूकंप नव्हता, पूर नव्हता. या प्रकरणी विकासकाबरोबरच वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेतील अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. सही करणाऱ्याच्या जबाबदारीला मुदत नसते, हे त्यातून राज्यभरातील आरेखनकारांच्या चांगलेच ध्यानात आले.

परदेशात काय होते?

अमेरिकेत संरचना अभियंत्याला स्वतंत्र परवाना देण्याची सुरुवात इलिनॉय राज्याने १९१५ मध्ये केली. तेथे पदवीच्या सुमारास ११० प्रश्नांची मूलभूत परीक्षा, काही वर्षांच्या अनुभवानंतर ८० प्रश्नांची व्यावसायिक परीक्षा आणि काही राज्यांत महत्त्वाच्या इमारतींसाठी त्याहून कठीण अशी स्वतंत्र संरचना परीक्षा असते. २०२४ पासून ही शेवटची परीक्षा संगणकावर घेतली जाऊ लागली. उभा भार आणि आडवा भार असे तिचे दोन भाग असून, प्रत्येकात विस्तार व सखोलता अशा दोन पायऱ्या आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्यांच्या घरांत या परीक्षांच्या जाडजूड संदर्भग्रंथांची ओळख सर्वांनाच असते.

लंडनच्या 'इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्स' या संस्थेची परीक्षा मात्र वेगळ्याच घडणीची म्हणून ओळखली गेली. तिच्या पारंपरिक स्वरूपात उमेदवाराने सुमारे सात तास एकाच प्रश्नावर घालवायचे. एका काल्पनिक इमारतीची गरज दिली जाते. तिच्यासाठी परस्परांहून खरोखर भिन्न असे दोन पर्याय सुचवायचे, त्यांतील एक निवडून त्याचे समर्थन करायचे, मुख्य भागांची गणिते आणि आराखडे द्यायचे, बांधकाम कोणत्या क्रमाने व कसे सुरक्षित होईल ते लिहायचे. त्यातच एक छोटासा प्रश्न असतो : मालकाने ऐन वेळी मागणी बदलली आहे, त्याचे परिणाम सांगणारे पत्र त्याला लिहा.

हा पत्राचा प्रश्न जणू खामगावच्या बाजारपेठेत बसूनच काढला असावा, असे वाटते. दोन मजल्यांचा पाया घातल्यावर 'आणखी एक मजला चढवू, मुलाचे लग्न ठरले आहे' असे सांगणारा मालक कोणत्या अभियंत्याला भेटलेला नाही? तळमजल्याची भिंत काढून दुकानाचा गाळा करणारा, गच्चीवर पाच हजार लिटरची टाकी ठेवणारा मालकही तोच. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, हे त्याला साध्या मराठीत आणि लेखी कळविणे हा अभियंत्याच्या कामाचाच भाग आहे. आपल्याकडील अभ्यासक्रमात हे पत्र कोणी लिहायला शिकवीत नाही.

परीक्षा हा रामबाण उपाय आहे, असेही मानण्याचे कारण नाही. जपानमध्ये २००५ च्या अखेरीस एका आरेखनकाराने अनेक इमारतींच्या भूकंपविषयक गणितांत खोटे आकडे घातल्याचे उघड झाले. तो तेथील कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेला प्रथम श्रेणीचा वास्तुविशारद होता. त्यानंतर जपानने कायदे बदलले. ठरावीक इमारतींच्या गणितांची दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी सक्तीची केली आणि संरचना आरेखनासाठी वेगळी पात्रता निर्माण केली.

जिल्ह्याची प्रश्नपत्रिका

परीक्षा नसलेल्या या परीक्षेची तयारी बुलडाण्यातील उमेदवाराने कोठून सुरू करावी? पायाखालच्या मातीपासून. जिल्ह्याचे लोक बोलताना सहज 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग करतात. अभियंत्यालाही तीच विभागणी उपयोगी पडते. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार या घाटावरच्या भागात अनेक ठिकाणी थोड्या खोलीवर मुरूम किंवा काळा पाषाण लागतो. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात गाळाची आणि काळी माती खोलवर गेलेली असते.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायावरचे हलके घर तिच्याबरोबर वर-खाली होते. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. माती किती फुगीर आहे, हे पाहण्याची एक चाचणी अगदी साधी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने घ्यायचे, एक पाण्याच्या आणि एक रॉकेलच्या मोजनळीत टाकून चोवीस तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही उंचींतील फरकावरून टक्केवारी काढायची. आयएस २७२० या मानकाच्या चाळिसाव्या भागात ती दिलेली आहे. पदवीच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी ती एकदा करतात आणि वहीत उतरवून विसरतात. ज्याला घाटाखाली घरे बांधायची आहेत, त्याने तालुक्यातील दहा ठिकाणची माती आणून ती पुन्हा करून पाहावी.

फुगीर मातीसाठी तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या पाइल्सचा पाया भारतात रूढ झाला आहे. अशा पाइलची लांबी खोल काळ्या मातीत जमिनीखाली किमान साडेतीन मीटर असावी, असे आयएस २९११ सांगते. कारण ऋतुमानानुसार ओलावा बदलणारा थर साधारण तेवढ्याच खोलीपर्यंत असतो. हा आकडा पाठ करून भागत नाही. त्यामागचे कारण समजले, तर पाइल परवडत नसलेल्या छोट्या घरासाठी काय करावे याचाही विचार करता येतो. पाया शक्य तितका खोल नेणे, भोवती न फुगणारा मुरूम भरणे, प्लिंथ बीम जमिनीपासून मोकळा ठेवणे आणि सांडपाणी पायाशी मुरू न देणे, हे त्यातले काही मार्ग.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा पिण्याच्या पाण्यासाठी कुप्रसिद्ध आहेच. पण त्याच बोअरचे पाणी काँक्रीटमध्ये पडते, याची चर्चा क्वचितच होते. आयएस ४५६ प्रमाणे सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक नसावे. सळई नसलेल्या काँक्रीटला ही मर्यादा २,००० आहे. सल्फेट ४०० पर्यंत, आणि पाण्याचा सामू सहाच्या खाली नसावा. मर्यादा ओलांडलेले पाणी वापरले तरी स्लॅब पडल्यापडल्या काही बिघडलेले दिसत नाही. सळई आतून गंजते, गंज फुगतो, आणि काही वर्षांनी छताचे पोपडे सुटू लागतात. म्हणून संग्रामपूर-जळगावच्या उमेदवाराच्या तयारीत पाण्याच्या तपासणीचा अहवाल वाचता येणे हा विषय अनिवार्य समजावा. काँक्रीटची किमान प्रत आणि सळईवरचे आच्छादन परिसराच्या तीव्रतेनुसार बदलते : सौम्य परिसरात एम २० आणि २० मिलिमीटर, मध्यमात एम २५ आणि ३०, तीव्रात एम ३० आणि ४५. घराचा पाया यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरविण्यासाठी संगणक नव्हे, जागेची पाहणी लागते.

हाताने गणित, मग संगणक

आज स्टॅड प्रो, ईटॅब्स यांसारख्या प्रणालींमुळे चार मजल्यांचे आरेखन एका दुपारी होते. अडचण अशी, की चुकीची माहिती भरली तरी उत्तर तितक्याच सुबक आकड्यांत येते. त्यावर उपाय म्हणजे अंदाजाची सवय. चार मीटर बाय तीन मीटर खोलीवर पाच इंची, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटरचा स्लॅब धरा. त्याचे घनफळ दीड घनमीटर आणि स्वतःचेच वजन पावणेचार टन. वर फरशीचे सव्वा टन आणि राहत्या घरासाठी मानकाने सांगितलेला, माणसे-सामानाचा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार मिळविला, तर एकूण साडेसात टनांच्या घरात जाते. हे तोंडी करता येणाऱ्या उमेदवाराला संगणकाने कॉलमवर निम्माच भार दाखविला तर लगेच खटकते. ज्याला येत नाही तो छापील कागदावर सही करतो.

वाचनाचा क्रमही साधारण ठरलेला आहे. आयएस ८७५ मधील भार, आयएस ४५६ मधील काँक्रीट, आयएस १८९३ मधील भूकंप, आयएस १३९२० मधील सळयांची तपशीलवार रचना, आणि पत्र्याच्या गोदामांची व जिनिंगच्या शेडची कामे करायची तर आयएस ८००. मानके वेळोवेळी सुधारली जातात. आयएस ४५६ हेच १९५३ पासून २००० पर्यंत चार वेळा सुधारले गेले. तेव्हा महाविद्यालयीन काळातील झेरॉक्स प्रतीवर विसंबणे धोक्याचे. शिवाय मानकातले एक चित्र प्रत्यक्ष कामावर पाहिल्याशिवाय उमगत नाही. कॉलमच्या रिंगेचा आकडा १३५ अंशांत आत वळवायचा असतो; बारबेंडर तो सवयीने ९० अंशांत सोडून देतो. भूकंपात कॉलम हलला, की असा आकडा उघडतो आणि रिंग निकामी होते. सेंट्रिंगवर चढून स्वतः रिंगा मोजल्याखेरीज तीन वर्षांच्या अनुभवाला अर्थ नाही. कामाची तारीख, मजला, काय तपासले, काय बदलायला सांगितले, याची रोजनिशी ठेवणारा उमेदवार नंतर अनुभवाचा दाखला मागताना कोणाच्या मेहेरबानीवर राहत नाही.

ज्यांना खरोखरीची परीक्षाच हवी, त्यांच्यासाठी जवळचा मार्ग 'गेट'चा. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ सामान्य क्षमतेचे. त्या आधारे नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत किंवा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात संरचना विषयाची पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि परवान्याच्या अनुभवाचे एक वर्ष वाचते. नोकरी करीत 'एएमआयई' करून अभियंता होण्याची जुनी वाट मात्र अरुंद झाली आहे. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्यांनाच त्या प्रमाणपत्राची पदवीशी समकक्षता मिळाली. पदविकाधारकांनी हे नीट तपासूनच पैसे भरावेत.

घरमालकाने काय विचारावे?

शासन परीक्षा घेत नाही, तेव्हा थोडी परीक्षा घरमालकानेच घेतलेली बरी. परवाना कोणत्या प्राधिकरणाचा आणि कोणत्या मुदतीचा, हे विचारण्यात संकोच नको. मातीची तपासणी केली का, बोअरचे पाणी तपासले का, पाया किती मजल्यांसाठी धरला आहे, आणि पाया, प्लिंथ व प्रत्येक स्लॅब भरण्याआधी सळया पाहायला स्वतः कोण येणार, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर देताना जो अभियंता आपली गणिते दुसऱ्या ज्येष्ठाला दाखवायला तयार असतो, त्याच्याकडे काम द्यायला हरकत नाही. सळयांचे नकाशे आणि गणितांची सही केलेली एक प्रत घराच्या खरेदीखतासोबत जपून ठेवावी. वीस वर्षांनी मुलगा वर मजला चढवायला निघेल, तेव्हा त्या वेळच्या अभियंत्याला जमिनीखाली काय आहे हे त्या कागदांवरूनच कळेल.